नळांतील उलटी गंगा

जगरहाटीविरुद्ध कांहीं घडलें म्हणजे मराठी माणूस ‘उलटी गंगा वाहूं लागली’ असें म्हणतो. नदी उगमाकडे वाहत नाहीं हें सर्वांस ठाऊक असतें. आणि नदीविषयींच्या ह्याच भरंवशानें शहरांतील गृहस्थ आपल्या घरांतील नळाकडे पाहतो. तोटी फिरविली कीं पाणी येतें, बंद केली कीं थांबतें. रस्त्याखालच्या नळांतून घरांत आलेलें पाणी कधीं काळीं घरांतून रस्त्याकडे परत जात असेल, ही कल्पनाहि त्याच्या मनास शिवत नाहीं. नळाच्या बाबतींत मात्र हा भरंवसा खरा नाहीं. नळ उतार पाहत नाहीं. त्याला फक्त दाब कळतो. जिकडे दाब अधिक तिकडून, जिकडे दाब कमी तिकडे पाणी जावयाचें, एवढाच त्याचा धर्म. ज्या क्षणीं घराच्या बाजूचा दाब रस्त्याच्या बाजूच्या दाबाहून अधिक होतो, त्या क्षणीं उलटी गंगा ही केवळ म्हण राहत नाहीं.

हा उलटा प्रवाह अडविण्यासाठीं पाण्याच्या मीटरच्या पुढें एक झडपयंत्र बसवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ज्या इमारतींच्या नळांपासून सार्वजनिक पाण्यास धोका संभवतो, त्यांच्या मालकांवर असें यंत्र बसविण्याची आणि तें बहुधा वर्षांतून एकदां तपासून घेऊन पाणीखात्याकडे दाखला धाडण्याची सक्ती असते. बागेस पाणी देणाऱ्या नळ्या जमिनींत पुरलेल्या असल्या, तर साध्या राहत्या घरासहि पुष्कळ गांवीं हा नियम लागू पडतो. त्या देशांत घरें घेऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांसहि पाणीखात्याचें हें वार्षिक पत्र अपरिचित नाहीं. पत्र हातीं पडलें कीं बहुतेक घरांत पहिला उद्गार त्रासिक निघतो. नळाला पाणी नीट येतें, यंत्र कोठें गळत नाहीं, घरांत कोणी आजारी नाहीं. मग तपासणी कशाची, आणि तिचा खर्च मालकानें कां सोसावयाचा? प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर यंत्राच्या रचनेंत जितकें आहे, तितकेंच शेजारधर्मांत आहे.

पाणी उलटें फिरण्याचीं कारणें दोन. पहिलें उलट शोषणाचें. रस्त्याखालचा मोठा नळ फुटला, अथवा जवळपास आग लागून बंबवाल्यांनीं एकदम पुष्कळ पाणी उपसलें, म्हणजे त्या भागांतील नळांचा दाब एकाएकीं उतरतो. कधीं कधीं तो बाहेरच्या हवेच्या दाबाहूनहि खालीं जातो. अशा वेळीं नळ पाणी देण्याऐवजीं ओढूं लागतो. शहाळ्यांतील पाणी नळीनें ओढून घ्यावें, त्यांतलाच हा प्रकार. एखाद्या घरांत उघड्या तोटीस लावलेल्या रबरी नळीचें टोंक मोरींतील बादलींत, गाडी धुण्याच्या साबणपाण्यांत किंवा झाडांवर फवारावयाच्या औषधाच्या पिंपांत बुडालेलें असलें, तर तें द्रव्य नळांत खेचलें जातें. पिंप तोटीच्या बरेंच खालीं आहे एवढ्यानें निर्धास्त होतां येत नाहीं. कारण हवेचा दाब पाण्याचा सुमारें ३४ फूट उंचीचा स्तंभ तोलून धरूं शकतो.

दुसरें कारण उलट दाबाचें. उंच इमारतींत पाणी वर चढविणारा पंप, पाणी तापविणारा बॉयलर, कारखान्यांत रसायनें खेळविणारें यंत्र, ह्यांतील दाब सार्वजनिक नळाच्या दाबाहून वरचढ झाला कीं पाणी मागें रेटलें जातें. यंत्रच पाहिजे असेंहि नाहीं. नुसती उंची पुरते. पाण्याच्या २·३१ फूट उंचीचा दाब दर चौरस इंचास १ पौंड भरतो. म्हणजे १०० फूट उंचीवरील टांकीचा भार खालच्या नळावर दर चौरस इंचास सुमारें ४३ पौंड पडतो. रस्त्याच्या नळांत तेवढा दाब नसला, टांकीचा व त्या नळाचा थेट संबंध असला आणि मध्यें कोणताहि अडसर नसला, तर टांकींतील पाणी रस्त्याकडे उतरल्यावांचून राहणार नाहीं.

पिण्याच्या पाण्याचा नळ आणि न पिण्याजोगें द्रव्य ह्यांची गांठ जेथें पडूं शकते, त्या जागेला इंजिनियर लोक ‘क्रॉस-कनेक्शन’ म्हणतात. मराठींत तिला ‘घातक सांधा’ म्हणण्यास हरकत नाहीं. असा सांधा वर्षानुवर्षें निरुपद्रवी राहतो. दाब उलटण्याची एक घटका यावी लागते. ती आली कीं त्याचें खरें रूप प्रकट होतें.

घातक सांध्यांचें नांव साऱ्या अमेरिकेंत गाजलें तें १९३३ सालीं. त्या वर्षीं शिकागो शहरांत जागतिक प्रदर्शन भरलें होतें आणि दूरदूरचे प्रवासी तेथील हॉटेलांत उतरले होते. त्यांपैकीं काँग्रेस व ऑडिटोरियम ह्या दोन शेजारच्या हॉटेलांतील पाहुण्यांत आमांशाची सांथ उद्भवली. जुनाट व सदोष नळजोडणीमुळें तेथील पिण्याच्या पाण्याला मैलापाण्याचा संसर्ग होत होता. हा आमांश अमीबा नांवाच्या सूक्ष्म जीवापासून होणारा. त्याचीं लक्षणें दिसूं लागण्यास कित्येकदां आठवडे लोटतात. त्यामुळें पाहुणे प्रदर्शन पाहून आपापल्या गांवीं परतले आणि तेथें आजारी पडले. गांवोगांवच्या डॉक्टरांस ह्या रोगाचा संशय येण्याचें कारण नव्हतें. कांहीं रोग्यांवर आंत्रपुच्छाचा दाह समजून शस्त्रक्रिया करण्यांत आल्या आणि दुखणें अधिकच विकोपास गेलें. सुमारें १,४०० रोगी व ९८ मृत्यु अशी त्या सांथीची नोंद आहे. एका इमारतीच्या भिंतीआड दडलेला दोष शेंकडों मैलांवरील माणसाच्या अंथरुणापर्यंत पोहोंचतो, ही गोष्ट त्या वर्षीं प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांच्या ध्यानांत आली. पुढें १९४४ सालीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत खास ह्याच विषयाच्या संशोधनासाठीं एक संस्था निघाली. झडपयंत्रें कोणत्या कसोटीस उतरावींत व तीं कशीं तपासावींत, ह्याविषयीं तिनें घालून दिलेल्या पद्धति तेथें पुष्कळ ठिकाणीं प्रमाण मानल्या जातात.

शिकागोचा दोष इमारतीच्या पोटांत होता. दुसरें उदाहरण उघड्या मैदानावरील आहे, आणि उलट शोषण कसें घडतें हें दाखविण्यास तें अधिक बोलकें आहे. १९६९ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील वूस्टर येथील होली क्रॉस कॉलेजचा फुटबॉल संघ सरावासाठीं जमला होता. खेळाडू मैदानावरील तोटीचें पाणी पीत. त्याच नळावर वाटेंत गवतास पाणी शिंपडण्याच्या तोट्या जमिनींतील खळग्यांत बसविलेल्या होत्या आणि खळग्यांत पाणी सांचे. जवळपासचीं मुलें त्या पाण्यांत खेळत. त्यांच्या घरीं काविळीचा उपद्रव होता. २९ ऑगस्ट रोजीं शहरांत आग लागली. बंबांनीं पाणी उपसलें, नळांचा दाब उतरला आणि खळग्यांतील दूषित पाणी नळांत ओढलें गेलें. महिनाभरानें खेळाडू एकामागून एक आजारी पडूं लागले. ९७ जणांपैकीं ९० जणांस बाधा झाल्याचें तपासांत आढळलें. दोन सामने खेळून संघाला उरलेले आठ सामने रद्द करावे लागले. डॉ. लिओनार्ड मोर्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या प्रकरणाचा छडा लावून १९७२ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. आग विझविणाऱ्यांनीं आपलें कर्तव्यच केलें होतें. खेळाडूंनीं कांहीं वावगें केलें नव्हतें. मुलें तर मुलेंच. चुकला होता तो फक्त एक सांधा.

आणि हें सारें जुन्या काळांतच घडत असे, असेंहि नाहीं. १४ डिसेंबर २०१६ च्या रात्रीं टेक्सास संस्थानांतील कॉर्पस क्रिस्टी शहराच्या कारभाऱ्यांनीं सुमारें तीन लाख रहिवाशांस नळाचें पाणी मुळींच न वापरण्याची सूचना दिली. औद्योगिक भागांत डांबरकामाचें एक रसायन उलट्या प्रवाहानें सार्वजनिक नळांत शिरल्याचा संशय होता. पाणी उकळून चालण्यासारखें नव्हतें. उकळल्यानें जंतु मरतात, रसायन मरत नाहीं. सुमारें चार दिवस शहरानें बाटलीबंद पाण्यावर काढले. संशयाची किंमत जर एवढी, तर प्रत्यक्ष अनर्थाची किती, ह्याचा हिशेब प्रत्येकानें करावा.

आतां हा अनर्थ टाळणाऱ्या साधनांकडे वळावयाचें. त्यांत सर्वांत जुनें, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचें साधन म्हणजे नुसतें हवेचें अंतर. नळाचें तोंड भांड्याच्या कांठाच्या वर, नळाच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान एक इंच उंचीवर ठेवावें, एवढेंच. मधली हवा ओलांडून पाणी मागें जाऊं शकत नाहीं. ह्या साधनांत झीज होण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र कोणी तेथें रबरी नळी जोडून तें अंतर बुजविलें, तर साधन त्याच क्षणीं नाहींसें होतें.

दुसरें साधन वायुप्रवेशी झडपेचें. दाब उतरतांच ही झडप उघडते व बाहेरची हवा नळांत घेते. हवा शिरली कीं शोषण तुटतें. बागेच्या नळ्यांवर ही पुष्कळदां आढळते. शोषण तोडण्यास ती समर्थ आहे. मागून रेटणाऱ्या दाबापुढें मात्र तिचा इलाज चालत नाहीं. तिसरें साधन दुहेरी झडपेचें. स्प्रिंगनें मिटणाऱ्या दोन झडपा एकीमागें एक बसवितात; एक निकामी झाली तरी दुसरी दार धरून राहते. धोका सौम्य असेल तेथें हें पुरेसें समजतात.

जेथें विषारी रसायन, मैलापाणी किंवा रोगजंतु ह्यांचें भय आहे, तेथें चौथें साधन वापरतात. त्याला न्यूनदाब यंत्र म्हणतां येईल. ह्यांतहि झडपा दोनच. पण त्यांच्या मध्यें एक कोठडी असते आणि तिच्यांतील दाब येणाऱ्या पाण्याच्या दाबाहून नेहमीं कमी राखलेला असतो. कोठडीच्या तळाशीं एक सुटकेची झडप असते. दोन मुख्य झडपांपैकीं एखादी निकामी होऊन कोठडींतील दाब वाढूं लागला, किंवा बाहेरचा दाब उतरूं लागला, कीं ही झडप उघडते आणि कोठडींतील पाणी जमिनीवर सोडून देते. पाणी सांडलें तर सांडूं द्यावें, पण मागें जाऊं देऊं नये, असा ह्या यंत्राचा बाणा आहे.

मग इतकीं चोख यंत्रें असतांना दरवर्षीं त्यांची परीक्षा कशाला? कारण असें कीं झडपेंत रबराच्या चकत्या असतात, त्या कालांतरानें कठीण होतात. स्प्रिंगा सैल पडतात. पाण्यांतील चुना बैठकीवर थर धरतो. नळदुरुस्तीच्या वेळीं आंत शिरलेला वाळूचा एखादा कण झडपेच्या ओठांत अडकून ती पुरी मिटूं देत नाहीं. ह्यांपैकीं कोणताहि दोष घरांतील माणसास बहुधा दिसत नाहीं. दाब योग्य दिशेनें असेपर्यंत झडपा मोडलेल्या असल्या तरी पाणी पूर्वीसारखेंच येतें. पंखा बिघडला तर उकाडा कळतो, दिवा गेला तर अंधार कळतो. परंतु हें यंत्र बिघडलें तर कांहींच कळत नाहीं. पहारेकरी जागा आहे कीं झोपला आहे, हें चोर येईपर्यंत समजूं नये अशी ती स्थिति आहे. वार्षिक तपासणी म्हणजे चोर येण्यापूर्वीं पहारेकऱ्याला मारलेली हांक होय.

तपासणीची रीत समजून घेतली तर तिच्याविषयींचा संशय बराचसा मावळतो. यंत्राच्या अंगावर चाचणीच्या लहान तोट्या असतात; दुहेरी झडपेवर व न्यूनदाब यंत्रावर चार, दाबाखालीं काम करणाऱ्या वायुप्रवेशी झडपेवर दोन. परवाना मिळविलेला तपासनीस येतो, ह्या तोट्यांना रबरी नळ्यांनीं एक दाबमापक जोडतो आणि यंत्राच्या पुढचा व्हाल्व्ह बंद करून दोन बाजूंच्या दाबांतील फरक मोजतो. तेवढा वेळ घराचें पाणी बंद राहतें. दुहेरी झडपेंतील प्रत्येक झडपेनें दर चौरस इंचास निदान १ पौंडाचा फरक धरून दाखविला पाहिजे. वायुप्रवेशी झडपेचें हवेचें दार फरक १ पौंडावर येण्यापूर्वींच उघडलें पाहिजे. न्यूनदाब यंत्राची सुटकेची झडप फरक २ पौंडांच्या खालीं उतरण्यापूर्वीं उघडली पाहिजे. आंकडे ठरलेल्या नमुन्यावर लिहून तो कागद पाणीखात्याकडे जातो. यंत्र नापास झालें तर तें उघडून स्वच्छ करतात, चकत्या व स्प्रिंगा बदलतात आणि पुन्हां तपासतात. यंत्र नवें बसविलें, हलविलें किंवा दुरुस्त केलें, तर वर्ष भरण्याची वाट न पाहतां तेव्हांच तपासणी करावी लागते. मुदत टळून गेल्यावरहि दाखला आला नाहीं तर पाणी तोडण्याचा अधिकार खात्यास असतो.

घरमालकानें ह्या प्रसंगीं केवळ पैसे देणारा प्रेक्षक होऊं नये. तपासनीसाचें नांव पाणीखात्याच्या यादींत आहे कीं नाहीं आणि त्याचा दाबमापक ठरल्या मुदतींत पडताळून घेतलेला आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा त्याला हक्क आहे. दाखल्याची एक प्रत घरीं ठेवावी व गेल्या वर्षींचे आंकडे यंदाच्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. ‘पास’ ह्या एका शब्दापेक्षां हे आंकडे अधिक सांगतात. दरसाल थोडथोडा उतरत जाणारा आंकडा येणाऱ्या बिघाडाची आगाऊ वर्दी देतो आणि दुरुस्ती सवडीनें करतां येते. इमारतींत आग विझविण्याच्या नळ्यांचें जाळें असेल, तर त्यांचें पाणी बंद करण्यापूर्वीं आगीच्या सूचनेची व्यवस्था पाहणाऱ्यांस कळविणें अगत्याचें आहे.

कांहीं चुका चांगल्या हेतूनें घडतात, म्हणून त्यांचा वेगळा निर्देश केला पाहिजे. न्यूनदाब यंत्राच्या तळाशीं थेंब पडूं लागले म्हणजे काटकसरी मालकाला गळती थांबविण्याची बुद्धि होते आणि तो तेथें खुंटी ठोकतो. तें भोंक म्हणजे यंत्राचा प्राण आहे. तें बुजविणें म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडांत बोळा कोंबणें. थेंब पडणें ही दोषाची सूचना समजून तपासनीसाला बोलवावें. हेंच यंत्र शोभेसाठीं खड्ड्यांत लपविणेंहि तितकेंच घातक, कारण पावसाचें पाणी खड्ड्यांत भरलें कीं तें भोंक पाण्याखालीं जातें आणि रक्षक यंत्रच घातक सांधा बनतें. थंड प्रदेशांत हिंवाळ्यापूर्वीं यंत्रांतील पाणी काढून टाकलें नाहीं किंवा त्यास उबदार वेष्टन घातलें नाहीं, तर गोठणारें पाणी पितळ फोडतें. तसेंच, यंत्र बसल्यावर घरांतील तापलेलें व फुगलेलें पाणी पूर्वीप्रमाणें रस्त्याच्या नळांत मागें सरूं शकत नाहीं. म्हणून पाणी तापविण्याच्या टांकीजवळ हा फुगवटा सामावणारी लहान टांकी लागेल कीं काय, हें यंत्र बसवितांनाच पाहून घ्यावें.

आतां खर्चाचा मूळ प्रश्न. यंत्र मालकाचें, जागा मालकाची, खर्च मालकाचा. आणि त्यापासून रक्षण मात्र मुख्यतः शेजाऱ्यांचें. हा व्यवहार प्रथमदर्शनीं अन्यायाचा वाटतो. परंतु नदीकांठच्या गांवांची जुनी रीत आठवावी. पिण्याचें पाणी वरच्या अंगास भरावयाचें. धुणें व गुरें खालच्या अंगास. वरच्यानें खालच्याची आठवण ठेवावयाची, हा त्या पाणवठ्याचा अलिखित कायदा होता. नळांच्या जाळ्यांत वरचें अंग व खालचें अंग असा भेद उरलेला नाहीं. दाब जसा फिरेल तसें आज जें घर वर तेंच उद्यां खालीं. प्रत्येक घर दुसऱ्याच्या पाण्यावर बसलेलें आहे आणि प्रत्येकाचें पाणी दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं आहे. जो आपल्या यंत्राची तपासणी करवितो तो शेजाऱ्यासाठीं खर्च करतो हें खरें. पण त्याच दिवसांत शेंकडों शेजारी त्याच्या मुलाबाळांसाठीं तोच खर्च करीत असतात. हा कर नव्हे. ही परस्परांस दिलेली हमी आहे.

भारतांत दरवर्षीं घरमालकाकडून असा दाखला मागण्याची पद्धति रुळलेली नाहीं. तथापि धोका येथें कमी नाहीं. उलट त्याचें कारण रोजचें आहे. ज्या शहरांत नळ चोवीस तास दाबाखालीं असतात, तेथें दाब उतरणें हा अपघात होय. भारतांतील बहुतेक शहरांत पाणी दिवसांतून ठराविक वेळच येतें. तेथें दाब उतरणें हा नित्यक्रम आहे. पाणी गेल्यावर रिकाम्या होणाऱ्या नळांत आजूबाजूची ओल व गटाराची झिरप शिरण्यास वाव मिळतो, आणि घराघरांतील बुडालेल्या नळ्यांनाहि तीच संधि मिळते. हुबळी-धारवाड येथें कांहीं वॉर्डांत अखंड पाणीपुरवठा सुरू झाल्यावर एमिली कंपेल व कारा नेल्सन ह्या संशोधक विदुषींनीं दोन्ही प्रकारच्या पाण्याची तुलना करून २०१३ सालीं ती प्रसिद्ध केली. ठराविक वेळ येणाऱ्या नळांच्या नमुन्यांपैकीं शेंकडा ३१·७ नमुन्यांत मैल्याचा संसर्ग दाखविणारे ई. कोलाय जंतु सांपडले. अखंड पुरवठ्याच्या नमुन्यांत हेंच प्रमाण शेंकडा ०·७ होतें. ह्या फरकास कारणें अनेक आहेत व उलटा प्रवाह हें त्यांतील एकच; पण नळ रिकामा पडणें किती महाग पडतें हें त्या दोन आंकड्यांवरून कळतें.

त्यांतून येथील घरांनीं घेण्यासारखा बोध साधा आहे. पिण्याच्या नळाचा अन्य पाण्याशीं सांधा जुळूं देऊं नये, हें तत्त्व भारतीय मानक संस्थेच्या इमारतींतील पाणीपुरवठ्याविषयींच्या संहितेंतहि आहे. तेव्हां तळघरांतील व गच्चीवरील टांकींत पाणी सोडणाऱ्या नळाचें तोंड पाण्याच्या पातळीच्या व ओव्हरफ्लोच्या नळीच्याहि वर असावें. बॉलकॉक बिघडून टांकी कांठोकांठ भरत असेल तर तो त्याच आठवड्यांत बदलावा. बोअरचें किंवा टँकरचें पाणी आणि नगरपालिकेचें पाणी ह्यांचे नळ मध्यें एक व्हाल्व्ह ठेवून एकमेकांस जोडूं नयेत. व्हाल्व्ह आज बंद आहे ह्याचा अर्थ तो उद्यां बंद राहील असा होत नाहीं. रस्त्याच्या नळावर थेट पंप लावून पाणी ओढणें पुष्कळ नगरपालिकांच्या नियमांत मना आहे आणि तें योग्यच आहे, कारण तो पंप शेजाऱ्याचें पाणीच ओढतो असें नाहीं. फुटक्या सांध्यांतून जमिनींतील घाणहि ओढतो. रबरी नळी काम झाल्यावर बादलींत टाकून ठेवूं नये. पंपाजवळ बसविलेली एकदिशी झडप, जिला प्लंबर एन-आर-व्ही म्हणतात, ती उपयुक्त खरी. पण साध्या झडपेला चाचणीच्या तोट्या नसतात आणि ती एकटीच असते, म्हणून तिच्यावर सर्व भिस्त ठेवणें शहाणपणाचें नाहीं.

सहकारी गृहसंस्थांच्या वार्षिक सभेंत रंगकाम, लिफ्ट व वाहनें ठेवण्याच्या जागा ह्यांवर तास न् तास चर्चा चालते. त्याच सभेंत वर्षांतून एकदां एवढाच प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर यावा: आपल्या इमारतींतून रस्त्याच्या नळाकडे पाणी परत जाण्याची एखादी वाट आहे काय, आणि असल्यास तिच्या तोंडाशीं कोण उभें आहे? एखाद्या जाणत्या प्लंबरला घेऊन तळापासून गच्चीपर्यंत एकदां फिरलें कीं ह्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. खर्च फारसा नाहीं, वेळ एका सकाळचा. त्यापासून कोणाचा प्राण वांचला हें कधींच कळणार नाहीं; कारण जी सांथ उद्भवलीच नाहीं, तिची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नसते.